गाडीला पाणी दाखवताना

आमच्या जामनेरात मे महिन्यात दोनच प्रकारची माणसं बाहेरगावी निघतात. एक, ज्यांच्या घरी लग्नपत्रिका येऊन पडलेली असते ती. आणि दुसरी, ज्यांना आधीच ऊन लागलेलं असतं ती. पारा पंचेचाळीसच्या आसपास ठाण मांडून बसलेला असतो. डांबर चपलेला सोडत नाही. दुपारी बारा ते चार कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडत नाहीत, सावली सरकेल तशी सरकतात. अशा दिवसांत आमच्या अप्पांनी, वय वर्षे एकोणऐंशी, सकाळच्या चहाला जाहीर केलं, "अक्काकडे जाऊन यायचं."

अक्का म्हणजे माझी आत्या. राहते छत्रपती संभाजीनगरला, जे अप्पांच्या तोंडी अजून औरंगाबादच आहे. वय त्र्याऐंशी. हिवाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडली, तेव्हापासून पलंगावर. ही दोघं भावंडं रोज फोनवर बोलतात. एकाला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि दुसरीला उजव्या, त्यामुळे अर्धा तास बोलणं झालं तरी कुणी कुणाचं काही ऐकलेलं नसतं आणि दोघांचंही समाधान होतं. पण आदल्या दिवशीच्या फोनवर ती म्हणाली होती, "एकदा येऊन जा रे." हे मात्र अप्पांना स्पष्ट ऐकू आलं. 'एकदा' या शब्दावर आमच्या घरात कुणी काही बोललं नाही.

मी बँकेतला कारकून, त्यातून बी. कॉम. प्रवास म्हटला की आधी अंदाजपत्रक. जामनेर, पहूर, फर्दापूर, अजिंठा, सिल्लोड असं सव्वाशे-एक किलोमीटर अंतर. सकाळी निघालं की जेवायला तिथे. "गाडी तयारच आहे," मी म्हणालो, "मागच्या महिन्यात सर्व्हिसिंग झालंय."

"पाण्याचं काय?" अप्पांनी विचारलं.

"डझनभर बाटल्या घेऊ."

"तुझ्या घशाचं नाही विचारत मी. गाडीच्या."

आमचे चिरंजीव बारावीत आहेत. ते मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "आजोबा, गाड्या आता पाणी पीत नाहीत. कूलंट असतं त्यांच्यात."

"म्हणजे पितात ना?" अप्पा म्हणाले, आणि मला माळ्यावर चढून छागल शोधायचा हुकूम झाला.

इथे थोडा इतिहास सांगणं भाग आहे. इतिहास हा माझा विषय नव्हे. शाळेत सनावळ्यांनी मला आणि मी सनावळ्यांना पुरेसा त्रास दिलेला आहे. पण खात्याचं जुनं पान उलटून पाहिल्याशिवाय आजची शिल्लक जुळत नाही, एवढं बँकेने शिकवलं आहे. उन्हाळ्याच्या प्रवासासाठी गाडी तयार करणं या खात्याचं पहिलं पान उघडलं, तर त्यावर सही आहे एका बाईची.

१८८६ साली जर्मनीत कार्ल बेंझने आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं. पेटंट मिळालं, पण गिऱ्हाईक मिळेना. संशोधक माणूस, अजून हा स्क्रू बदलू, अजून तो पट्टा बदलू, यातच दिवस चाललेले. त्याची बायको बर्था व्यवहारी होती. १८८८ च्या ऑगस्टमध्ये, मुलांना सुट्या होत्या तेव्हा, नवरा झोपेत असताना तिने गाडी बाहेर काढली, दोन मुलगे बरोबर घेतले आणि मानहाइमहून फोर्त्सहाइमची वाट धरली. तिथे तिची आई राहत होती. म्हणजे जगातला पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास हा एका बाईने सुटीत पोरांना घेऊन केलेला माहेरचा प्रवास आहे. ही माहिती मी घरात वाचून दाखवली तेव्हा सौ. म्हणाली, "आणि नवऱ्याला विचारलं नव्हतं, हेही नीट मोठ्याने वाचा."

पल्ला शंभरावर किलोमीटरचा. तयारी शून्य. पेट्रोलपंप नावाची वस्तू जगात नव्हती. तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानात जाऊन बाईने लिग्रोइन विकत घेतलं. हे कपड्यांवरचे डाग काढायचं रसायन. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीला टोचायच्या पिनेने साफ केली. तारेवरचं आवरण गेलं, तिथे पायमोज्याचा पट्टा बांधला. उतारावर ब्रेक झिजले, तेव्हा वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. चढ आला की पोरांनी उतरून ढकलायचं. आणि या सगळ्यापेक्षा जास्त वेळा जे करावं लागलं ते म्हणजे पाणी मागणं. त्या इंजिनाची गंमत अशी होती की पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि जाताना उष्णता घेऊन जाई. त्यामुळे पाणी सारखं घालावं लागे. नाला दिसला, नाल्यातून. खानावळ दिसली, खानावळीतून. बाई गाडीला पाणी दाखवत दाखवत संध्याकाळी आईच्या दारात पोचली.

आपल्याकडे 'पाणी दाखवणं' हे बैलाच्या आणि घोड्याच्या बाबतीत म्हणतात. मोटारीनेही घोड्याच्या बऱ्याच सवयी उचलल्या होत्या. पाण्याला थांबणं यात त्या काळी कमीपणाही नव्हता. आमची पाचोरा-जामनेर रेल्वे घ्या. छप्पन किलोमीटरची ही आमची लाडकी 'पीजे' २०२० सालच्या टाळेबंदीत थांबेपर्यंत नॅरोगेजवरून डुलत डुलत येत असे. वाफेच्या इंजिनाच्या दिवसांत तीही पाणी पिऊनच पुढे सरके. उतारू खाली उतरून पाय मोकळे करत. इंजिनाला तहान लागली म्हणून कुणी तक्रार अर्ज केल्याचं ऐकिवात नाही.

सुरुवातीच्या मोटारींना जादा चाकही नसे. टायर फुटला की रस्त्यातच बसून जोडा. १९०४ साली वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस नावाच्या भावांनी यावर तोड काढली. आऱ्या नसलेली, हवा भरून तयार असलेली एक धाव त्यांनी बनवली. ती फुटलेल्या चाकावरच आवळून बसवायची आणि मुक्काम गाठायचा. त्यांचं दुकान होतं स्टेपनी नावाच्या रस्त्यावर. झालं! साहेब आपल्या बोलण्यातून तो शब्द विसरून गेला, पण आपण मात्र 'स्टेपनी' जपून ठेवली. आमच्या बसस्टँडवरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याला वेल्स कुठे आहे ते विचारा, सांगता येणार नाही. पण त्या गावातल्या एका गल्लीचं नाव तो दिवसातून पन्नास वेळा घेतो.

आता आपल्या घराकडे येऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईला कुर्ल्याचा कारखाना. आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी, मग पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार. १९६४ पासून कुर्ल्याहून जी फियाट ११०० बाहेर पडू लागली, तिचंच नाव करार संपल्यावर सत्तरच्या दशकात आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झालं. सत्तरच्या दशकात साऱ्या देशात मिळून वर्षाला पन्नास हजारांच्या आत मोटारी बनत, त्यामुळे पैसे भरून लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. मुलाच्या मुंजीत नोंदवलेली गाडी त्याच्या लग्नाच्या वरातीला मिळाली तर वेळेवर मिळाली म्हणायचं. १९८३ च्या डिसेंबरात मारुतीच्या पहिल्या गाडीच्या चाव्या दिल्या गेल्या, तेव्हा कुठे ही रांग हलू लागली. आणि रांग हलली म्हणून आमच्यासारख्यांना जुन्या फियाटी परवडू लागल्या.

अप्पांचं जामनेरात बी-बियाण्यांचं दुकान होतं. १९८९ साली त्यांनी एका जिनिंगवाल्याची अकरा वर्षं वापरलेली पद्मिनी घेतली. मी दहा वर्षांचा होतो. बिस्किटी रंग, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा, आणि दार लावताना येणारा तिजोरीसारखा आवाज. पुढे वाणिज्य शाखेत घसारा शिकताना मला कळलं की एखाद्या वस्तूचं मूल्य दरवर्षी कमी कमी होत शून्याकडे जातं पण शून्य होत नाही. आमचे सर फळ्यावर समजावत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आमची गाडी उभी होती. संस्कृतात पद्मिनी म्हणजे कमळाची वेल. पाण्यावाचून तिचं क्षणभर चालत नाही. नाव ठेवणाराने फार विचार करून ठेवलं होतं.

दर मे महिन्यात अक्काकडे जायचं हे ठरलेलं. आणि तयारी आठ दिवस आधी सुरू. पहिल्या दिवशी मेस्त्री यायचा. तो बॉनेट उघडून नुसता बघत उभा राहायचा. डॉक्टर जीभ बघतो तसं. मग म्हणायचा, "शेठ, औंदा हिला जपा." हे तो दरवर्षी म्हणायचा. नंतर रेडिएटर सोडून त्यातून नळाचं पाणी, धुण्याचा सोडा आणि पुन्हा पाणी. खाली पडणारा तांबडा गाळ बघून वाटे की तापी नदीला पूर आलाय. नळ्या दाबून बघायच्या. ज्या पापडासारख्या करकरल्या त्या बदलायच्या. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघायचा आणि चांगला असला तरी एक जादा डिकीत टाकायचा. बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर. प्लग घासून, पॉइंटला पॉलिश पेपर मारून. आणि शेवटी मेस्त्री थर्मोस्टॅट नावाची पितळी डबी काढून अप्पांच्या हातावर ठेवायचा. इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरायचं, हे त्या डबीचं काम. मेस्त्रीचं म्हणणं, "आपल्या गावात इंजिन गरम व्हायला मदत लागत नाही." खरं म्हणजे ती डबी काढल्याने इतर ऋतूंत इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं. पण आमच्याकडे इतर ऋतू असतात हे पटवून द्यायला मे महिना ही वेळ बरोबर नव्हे.

एका बाबतीत मात्र मेस्त्रीचं साफ चुकायचं. "उन्हाने हवा फुगते" म्हणून तो टायरमधली हवा थोडी सोडून द्यायचा. हवा फुगते हे खरं, पण कारखान्याने सांगितलेला दाब त्याचा हिशेब धरूनच दिलेला असतो. तो सकाळी थंड टायरमध्ये भरायचा आणि पुढे हात लावायचा नाही. हवा कमी झाली की टायर जास्त दबतो, दबला की जास्त तापतो, आणि जे टाळायला निघालो तेच सिल्लोडच्या अलीकडे होतं. आमचं दोनदा झालं. दोन्ही वेळा दोष स्टेपनीला लावण्यात आला.

मग फडकं. हे सर्वांत महत्त्वाचं. पेट्रोल खेचणारा पंप इंजिनाला चिकटलेला. तो तापला की नळीतलं पेट्रोल उकळून तिथेच वाफ व्हायची आणि पुढे जाईना. गाडी आचके देऊन बंद. यावर उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं ठेवायचं, ज्वर चढलेल्या पोराच्या कपाळावर घडी ठेवतात तसं. आईच्या जुन्या सुती लुगड्याची एक घडी या कामासाठी राखून ठेवलेली होती. ती वाळली की आई मागच्या सीटवरून सांगायची, "अहो, पट्टी बदला."

आणि सगळ्यांत शेवटी छागल निघायची.

हा शब्द आजच्या पोरांना सांगितला तर त्यांना ते एखाद्या मिठाईचं नाव वाटतं. छागल म्हणजे जाड किंतानाची, दोन हात लांब पिशवी. वर लाकडी बूच आणि अडकवायला दोरी. संस्कृतात छाग म्हणजे बकरा. पूर्वी ही पिशवी बकऱ्याच्या कातड्याची असे, म्हणून छागल. तिची थोरली बहीण पखाल. ती रेड्याच्या पाठीवरून जायची. कातडं गेलं, किंतान आलं, नाव मात्र बकऱ्याचंच राहिलं. किंतानातून पाणी झिरपतं, वाऱ्याने त्याची वाफ होते, आणि ती वाफ आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माठाचं तेच, आमच्या कूलरचं तेच, आणि बर्थाबाईच्या इंजिनाचंही तेच. हवा जितकी कोरडी तितकं पाणी थंड; म्हणून मुंबईच्या दमट हवेत छागल नुसती घाम गाळते आणि खानदेशच्या झळांत बर्फाशी स्पर्धा करते. श्रीमंतांचे उपाय वेगळे होते. १९३४ साली मुंबईहून पेशावरकडे जाणाऱ्या फ्रंटियर मेलला थंड हवेचे डबे लागले. त्यांत डब्याखाली बर्फाच्या लाद्या भरत आणि त्यावरून हवा आत सोडत. १९३९ साली अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने मोटारीतच हवा गार करणारं यंत्र बसवून दाखवलं. आमच्याकडे तेव्हाही पुढच्या बंपरला छागल होती आणि पुढे पन्नास वर्षांनीही छागलच होती.

तिचा एक स्वभाव असतो. वर्षभर माळ्यावर पडून वाळली की ती गळते. पाणी भरलं की धारा. मग तिला दोन दिवस बादलीत बुडवून ठेवायची. धागे फुगले, एकमेकांना भिडले, की गळणं थांबतं आणि नुसतं झिरपणं राहतं. हे काम माझ्याकडे असे. छागल बादलीत पडली की आळीला कळे, फियाट निघाली. मग कुणी लोणच्याची बरणी पोचवायला देई, कुणी म्हणे, "सिल्लोडला आमच्या मामाच्या दुकानापुढे जरा हॉर्न वाजवा, बस्स."

एवढी तयारी करूनही गाडी तापायचीच. तापायची ती अजिंठ्याच्या घाटात.

हा घाट तसा कुणालाच सुखाने चढू न देणारा. घाटाच्या पायथ्याला फर्दापूर. तिथे मोगलांच्या काळातली सराई उभी आहे. म्हणजे उत्तरेकडून दख्खनमध्ये शिरणारे तांडे, उंट, घोडे, बैल सगळे इथे थांबत, पाणी पीत आणि मग वर चढत. त्याहीआधी, दोन हजार वर्षांपूर्वी, बौद्ध भिक्षूंनी जवळच वाघूर नदीच्या वळणावर लेणी कोरली आणि पाण्यासाठी टाकी खोदली. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा साहेब या बाजूला शिकारीला आला आणि त्याला लेणी दिसली. एप्रिलमध्ये या मुलखात हिंडायला निघणं ही तयारीतली चूकच. पण तिच्यातून जगाचा फायदा झाला. पुढे १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. इकडे इंग्रजांचं खानदेश, तिकडे निजामी. हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे जकात. अप्पांचे वडील बैलगाडीने पलीकडे जात, तेव्हा बैलांना पाणी आणि नाकेदाराला सलाम, दोन्ही दाखवावं लागे.

आमच्या काळात नाका गेला होता. पाणी राहिलं होतं. फर्दापूर सोडलं, चढ सुरू झाला, की दोन-तीन वळणांत काटा तांबड्यात जायचा. बॉनेटमधून कढईसारखा आवाज. अप्पा गाडी कडेला घ्यायचे. बॉनेट उघडायचं, पण रेडिएटरच्या झाकणाला अर्धा तास हात लावायचा नाही. लावला तर उकळतं पाणी तोंडावर येतं. छागलीतलं पाणी तोवर आम्हीच पिऊन संपवलेलं. आणि मग रस्त्याच्या खालच्या अंगाला एक शेत होतं, शेतात विहीर, विहिरीजवळ छप्पर, आणि छपरात एक म्हातारी. तिचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. आमच्यात ती विहिरीवाली आजी.

मे महिन्यातली विहीर तुम्हाला ठाऊक असेल. वाकून पाहिलं तर खोल तळाशी एक रुपयाएवढं पाणी चमकतं. पोहरा खाली सोडला की आवाज यायला वेळ लागतो. त्या पाण्यातून ती एक बादली भरून गाडीसाठी द्यायची. पहिल्या वर्षी अप्पा संकोचले. "आजी, तुमच्याच प्यायला कमी..."

"असू द्या बापा," ती म्हणाली. "मशीन झाली म्हणून काय तिला तहान नसती का?"

बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली होती. त्या वर्षी विहीर पार कोरडी पडली होती, असं सांगायची. आणि हे ऐकताना मी ती बादली रेडिएटरमध्ये ओततोय, याची मला तेव्हा लाज वाटली नाही. दहा वर्षांच्या पोराला सगळी विहीर आपल्याच गाडीसाठी खोदलेली वाटते. अप्पांनी पैसे पुढे केले तर तिने हात मागे घेतला. तेव्हा दुसऱ्या वर्षापासून ते दुकानातून भेंडीचं, गवारीचं, दोडक्याचं बियाणं पुडीत बांधून नेऊ लागले. ते ती घ्यायची. पावसाळा तोंडावर आलेला असायचा.

चौदा उन्हाळे हे चाललं. त्यात आजी कधी दिसेनाशी झाली, तिचा मुलगा पाणी देऊ लागला. २००३ साली आम्ही गाडी विकली. पद्मिनीचं उत्पादन त्याआधीच थांबलं होतं. मुंबईच्या रस्त्यावर काळ्या-पिवळ्या पद्मिन्या तेवढ्या पुढे वीस वर्षं धावल्या. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिथल्या शेवटच्या टॅक्सीची मुदत संपली. ती बातमी अप्पांनी पेपरातून कापून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आहे, माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राशेजारी.

तर, छागल. माळ्यावर सापडली. उंदरांनी दोरी खाल्ली होती, बाकी शाबूत. मी ती बादलीत बुडवली. पण आता घरात कुणाला दोन दिवसांचा दम असतो? अक्काच्या सूनबाईंचा फोन आला, "उद्याच या." एका रात्रीच्या भिजण्यावर छागल भरली आणि आम्ही निघालो. नव्या गाडीला बाहेर अडकवायला जागाच नाही. बंपर म्हणजे नुसतं रंगवलेलं प्लॅस्टिक. म्हणून ती मागच्या सीटवर चिरंजीवांच्या मांडीवर. पहूर येईस्तोवर त्यांची पँट भिजली, वाकोदला सीट भिजली. चिरंजीव म्हणाले, "आजोबा, ही लीक होतेय." अप्पा म्हणाले, "विसरली आहे ती. वर्षानुवर्षं कुणी पाणी घातलं नाही ना."

आत एसी चालू. पट्टीवर पाण्याचा काटासुद्धा नाही; त्याऐवजी एक दिवा असतो, तो म्हणे लागलाच तर लागतो. कूलंट बंद टाकीत दाबाखाली फिरतं, शंभराच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. मी कंपनीचं पुस्तक आदल्या रात्री वाचलं होतं. कूलंटची पातळी, टायरचा दाब, वायपरचं पाणी. तयारी तीन ओळींत संपते. आठ दिवसांचं काम सात मिनिटांवर आलं, ही प्रगतीच. मेस्त्रीला कुणी बोलावलं नाही, आळीला कळलं नाही, कुणी लोणचं दिलं नाही.

घाट लागला तसे अप्पा सरळ होऊन बसले. "हळू घे." मग म्हणाले, "थांबव."

"अप्पा, गाडी नाही तापलेली."

"थांबव म्हटलं ना."

रस्त्याची उंची बदललेली, झाडं गेलेली. विहीर मात्र होती. तिच्यावर लोखंडी जाळी, आत पंपाचा पाइप. छपराच्या जागी पत्र्याचा स्टॉल, बाहेर बाटलीबंद पाण्याची खोकी. एक पंचविशीतला पोरगा उठून आला. "काय काका, गाडी गरम झाली का?"

"नाही भो," अप्पा म्हणाले. "तुझी आजी इथं पाणी द्यायची. तेवढं सांगायला थांबलो."

पोराला आजी आठवत होती. फियाट नव्हती आठवत. गाड्या पुष्कळ तापायच्या तेव्हा, म्हणाला. आजी कुणालाच नाही म्हणत नसे. म्हणजे जे खातं आम्ही आमच्या एकट्याच्या नावावर समजत होतो, त्यात साऱ्या रस्त्याची नावं होती. त्याने बाटल्या पुढे केल्या, अप्पांनी दोन घेतल्या, पैसे दिले. मग चिरंजीवांना म्हणाले, "छागल आण." तीत अर्धा-एक तांब्या पाणी उरलं असेल. ते आता ओतायचं कुठे? गाडीच्या टाकीत ओतलं तर वॉरंटी जाते, हे मी सांगितलं. स्टॉलच्या मागे दोन शेळ्या बांधल्या होत्या. त्यांच्या घमेल्यात अप्पांनी छागल पालथी केली. शेळ्या पाणी प्यायल्या. त्यातल्या एकीने मग छागलीचा वास घेतला आणि फार वेळ घेतला. अप्पांनी खिशातून एक पुडी काढून पोराच्या हातावर ठेवली. दुकान बंद होऊन नऊ वर्षं झाली; ही पुडी त्यांनी बाजारातून कधी आणली, मला पत्ता नाही. भेंडी असावी.

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "तेव्हा मात्र दरवर्षी तापायची आपली."

"दरवर्षी कसली तापते?" अप्पा म्हणाले. "शेवटची चार-पाच वर्षं नव्हतीच तापली. रेडिएटर नवा टाकला होता मी."

"मग थांबायचो कशाला?"

"बॉनेट उघडल्याशिवाय तिने बादली दिली असती का? आणि पुडी तरी घेतली असती का?"

मी पंचवीस वर्षं हिशेब तपासतो आहे. नसलेल्या कारणाची नोंद इतकी वर्षं चालू राहिली आणि आमच्या नजरेतून सुटली, हे मी कुठल्या तोंडाने सांगू!

अडीचच्या सुमारास अक्काकडे पोचलो. सूनबाईंनी तिला उशा लावून बसवलं होतं. चेहरा एवढासा झालेला. अप्पा पलंगाच्या कडेला, तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसले. तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, शर्ट घामाने ओला आहे का ते चाचपून बघितलं, आणि दर मे महिन्यातला तिचा पहिला प्रश्न विचारला.

"उशीर झाला रे. घाटात तापली का गाडी?"

"तापली होती," अप्पा म्हणाले. "पाणी दाखवून आणली."